फळीवरचा उजेड वाढत गेला

आमच्या घराच्या मधल्या खोलीला खिडकी नाही. दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांच्या, दार लावलं की भर दुपारी बारालाही आत अंधार. लग्न होऊन लोणारला आले तेव्हा त्या खोलीचा मला भारी राग यायचा. आमच्या यांना मात्र पुढं घरात तीच खोली सगळ्यात लाडकी झाली. कारण ऐकाल तर तुम्हीही माझ्यासारखा कपाळावर हात मारून घ्याल. टॉर्च!

टॉर्च म्हणजे आपली बॅटरी हो. सापकिरड्यासाठी प्रत्येकाच्या घरात एक असते. यांच्याकडं नऊ होत्या. फोनवर व्हिडिओ पाहून पाहून हे वेड लागलं, मग एका ग्रुपात शिरले, तिथं सगळे असेच. कोणी केरळचा, कोणी पंजाबचा, आणि आमचा हा लोणारचा. बॅटरी म्हणायचीसुद्धा मला बंदी झाली. "बॅटरी म्हंजे आतला सेल. हिले टॉर्च म्हनाव." एकेक टॉर्च अंगठ्याएवढी, पण उजेड पाडला की समोरच्या लिंबाची पानं मोजावीत. तो मोठा उजेड मी समजू शकते. यांचा जीव मात्र त्यात नव्हताच. यांचा जीव होता छोट्या दिव्यांत.

मोठ्या दिव्याभोवती, त्याच काचेच्या आत, मोहरीएवढे चार-सहा रंगीत दिवे असतात. टॉर्च बंद असली तरी ते जळत राहतात, अंधारात टॉर्च हाताला सापडावी म्हणून. त्याला हे 'ऑक्स' म्हणत. बटण सात वेळा भरभर दाबलं की त्याचा उजेड बदलतो, एक हाय आणि एक लो. हायवर ठेवलं तर पंधरा-वीस दिवसांत सेल मान टाकतो. लोवर ठेवलं तर वर्ष वर्ष उतरत नाही, पण तो लो इतका बारीक की दिवसाउजेडी दिवा चालू आहे की नाही तेच कळत नाही. आणि यांना कौतुक त्या लोचं. "हाय काय, कोनीबी करन. लो पाहाव मानसानं." मधल्या खोलीत फळी ठोकली, तिच्यावर नऊ टॉर्च उभ्या केल्या, काचा वर. पाच निळ्या, दोन हिरव्या, एक जांभळी, एक लाल. घरी कोणी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला त्या खोलीत नेऊन दार लावून खाली बसवायचं. पाहुणा बिचारा घाबरायचा. "गप बसा पाच मिनिट. दिसनच." आणि खरंच, अंधाराला डोळे सरावले की एकेक ठिपका आपसूक वर यायचा. माझ्या भावजयीनं तर बाहेर येऊन मला विचारलं होतं, "जिजाजींची तब्येत बरी आहे ना?"

मी चिडवायची. देवापुढची समई लावा म्हटलं तर ज्यांचे हात दुखतात, ते नऊ समया कशा काय सांभाळतात! पण खोटं कशाला बोलू, झोपताना ती फळी मलाही बरी वाटायची. आम्ही त्याच खोलीत झोपतो. निळा उजेड असा की भिंतीवर पडायचाही नाही, फक्त आपल्या जागी असायचा.

हे काळी-पिवळी चालवतात. चालवत होते. काळी-पिवळी म्हणजे सवाऱ्यांची जीप, लोणार ते मेहकर, मध्ये सुलतानपूर. गाडी स्वतःची. अठरा वर्षं चालवली, आणि गाडीला एक ओरखडा नाही, हे वाक्य मी लग्नापासून इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेत म्हणून दाखवीन. मी अंगणवाडी सेविका. यांच्या गाडीत बसणाऱ्या निम्म्या बायांची पोरं माझ्या हातचा खाऊ खाऊन मोठी झाली आहेत. हे एवढ्यासाठी सांगते की पुढं जे मी केलं ते अनोळखी माणसांच्या जिवावर केलं असं मला म्हणता येत नाही.

गेल्या साली पावसाळा संपता संपता मला झोप लागेना. आधी वाटलं उकाडा असेल. मग लक्षात आलं, फळीवरची एक निळी टॉर्च जास्तच डोळ्यांत जाते आहे. मी म्हटलं, "अहो, ही एक मोठी झालीये, कमी करा ना." हे म्हणाले, "नाही वं, लोवरच हाये." मी म्हटलं असेल. मग आठ दिवसांनी दुसरी. दसऱ्यापर्यंत चार. दिवाळीला तर सगळी फळी अशी पेटली होती की तिच्या उजेडात मला यांचं नाक दिसायचं. मी कुशीवर वळून पदर तोंडावर घेऊन झोपायची. काही बोलायला जावं तर यांचं एकच: "सेल बोगस निघाले. पहिल्यासारखा उजेडच नाही देऊन राह्यले. म्हून हायवर ठेवले." चार्जर रात्रंदिवस भिंतीला चिकटलेला. विकणाऱ्याला यांनी लांबलचक तक्रार लिहिली. ग्रुपातल्यांनाही विचारलं, की लो दिवसेंदिवस मंद होत चालला आहे, हा काय प्रकार? एकानं लिहिलं असं होत नसतं. यांनी त्याच्याशी भांडण केलं.

मग एक दिवस पाचही निळ्या टॉर्च लाल झाल्या. रंगही बदलता येतो त्यात. मी म्हटलं, हे काय, भुताटकी केल्यासारखी? तर म्हणे लाल छान दिसतो. मीही म्हटलं, असेल बाई, आता लाल रंगाचं वेड. नवऱ्याच्या वेडाला कारण विचारत बसलं तर संसार व्हायचा कसा?

आता मागं वळून पाहिलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. याच दिवसांत यांची करंगळी खाटेच्या पायाला तीनदा लागली. भाच्याच्या लग्नात मांडवात दिवे गेले तर हे जागचे हललेच नाहीत, सगळे बाहेर आले आणि हे खुर्चीवर बसूनच, "येईन लाईट, घाई काय?" गाडीचे दिवे बदलून पांढरे घातले. समोरून येणाऱ्या गाड्यांना शिव्या देणं वाढलं. सारं मी पाहत होते आणि सेलला दोष देत होते. यांच्याबरोबर बसून चायना मालाला नावं ठेवत होते. कारण दिवसा तर यांची नजर अशी, की लोणारच्या फाट्यावरून येणाऱ्या बसची पाटी माझ्याआधी वाचायचे.

कार्तिकात एका दुपारी अंगणवाडीतून आले, डोकं दुखत होतं, जरा पडावं म्हणून मधल्या खोलीत गेले. ती लाल फळी! माझं डोकंच फिरलं. उठले आणि एकेक टॉर्च घेऊन सात सात वेळा बटण दाबत सुटले. पाहून पाहून मला ते येत होतं. पाच तर परत निळ्याही करून टाकल्या, त्यासाठी किती वेळ खटाटोप केला ते माझं मला ठाऊक. सगळ्या लोवर. दार लावून पडले. पाच मिनिटांत नऊच्या नऊ ठिपके आपापल्या जागी आले, पहिल्यासारखे. निळे पाच, हिरवे दोन, जांभळा, लाल. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं कुठं सेल बोगस आहेत?

तेवढ्यात हे जेवायला आले. दार उघडलं आणि ओरडलेच, "टॉर्च कोनं बंद केल्या?"

"चालू आहेत," मी म्हटलं. "लोवर केल्या. डोळे फोडायचे काम लावलं होतं तुम्ही."

"कायच्या चालू? सारा अंधार हाये."

मला हसू आलं. म्हटलं, उन्हातून आलात, जरा दार लावून बसा, तुम्हीच तर पाहुण्यांना सांगता. यांनाही ते पटलं. दार लावलं. आम्ही दोघं भर दुपारी, ताटं वाढायची सोडून, येड्यासारखे अंधारात फरशीवर बसलो. मी मिनिटं मोजत होते असं नाही, पण शेजारच्या घरात कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मला आता ठिपकेच काय, फळीची कड दिसू लागली. यांच्या शर्टाची बटणं दिसू लागली.

"दिसले?" मी विचारलं.

"एक लाल दिसते."

"आणि निळे?"

हे उठले, हातानं भिंत चाचपली, दिवा लावला. मग फळीवरून एक टॉर्च घेतली, सेल काढला आणि चार्जरला लावला. चार्जरवर लगेच हिरवं. भरलेला. दुसरी काढली. भरलेला. अशा पाच निळ्या टॉर्चचे पाच सेल यांनी लावून पाहिले. पाचव्या वेळी सेल उलटा घालत होते. मी म्हटलं, "असू द्या, जेवून घ्या." मी जेवले नाही. हे मात्र जेवले, दोन भाकरी, मान खाली घालून. त्या दिवसापासून यांनी खिशात टॉर्च ठेवणं सोडलं, आणि फळीला हात लावला नाही.

बुलढाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. नेलं म्हणजे ओढत नेलं. समोरचा तक्ता यांनी खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला आणि माझ्याकडं असं पाहिलं, की पाह्य, उगीच भाडं घालवलं. मग बाईंनी डोळ्यांत थेंब घातले, आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मी त्यांना ती टॉर्चची गोष्ट सांगितली, लाजत लाजत. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशी वेगळ्या आणि दिवसा पाहणाऱ्या वेगळ्या. निळा-हिरवा बारीक उजेड पकडतात त्या पहिल्या पेशी यांच्या मरत चालल्यात. लाल दिसतो तो दिवसाच्या पेशींच्या जोरावर. चष्म्यानं काही होणार नाही, औषधानं गेलेलं येणार नाही. हळूहळू बाजूचं दिसणंही कमी होईल. "घराण्यात कोणाला होतं का?" हे म्हणाले नाही. बसस्टँडवर आल्यावर म्हणाले, एक मामा होते, दिवेलागणीनंतर घराबाहेर पडायचे नाहीत. सगळा गाव त्यांना बायकोचा गुलाम म्हणायचा. मेले बिचारे तसंच ऐकत.

बाईंनी बजावलं होतं: दिवस मावळल्यावर गाडी बिलकुल चालवायची नाही, आणि दिवसाचंही फार दिवस धरून चालू नका. यांनी एवढंच विचारलं होतं, "म्हंजे दिवसा चालते न?" आत्तापुरतं, म्हणाल्या.

आता आमच्या धंद्याचं सांगते. दिवसाच्या फेऱ्यांना सवाऱ्या मिळत नाहीत, बस आहेत, प्रत्येकाच्या घरी फटफटी आहे. गाडी भरते ती मेहकरहून साडेपाचच्या फेरीला. दवाखान्यातल्या नर्सबाई, दुकानातली माणसं, बाजार केलेल्या बाया. ती एक फेरी म्हणजे आमचं घर. आणि हिवाळ्यात साडेपाचला निघालं की सुलतानपूरच्या अलीकडंच दिवस बुडतो. चार दिवस हे साडेपाचची फेरी सोडून रिकाम्या गाडीनं उजेडात घरी आले. चारही दिवस ओसरीत बसून राहिले. गडी असा गप झाला की मला धास्ती वाटायला लागली. विहिरीच्या बाजूला गेले तरी मी काही तरी कारण काढून मागं जायची.

पाचव्या दिवशी मी म्हटलं, "चला, साडेपाचची करा. मी बसते बाजूला."

हो, मीच म्हटलं. यांनी नाही. यांच्यावर घालायला मी किती वेळा पाहिलं, पण ते शब्द माझ्याच तोंडचे. यांनी फक्त माझ्याकडं पाहिलं आणि किल्ली घेतली.

मग सुरू झालं ते. अंगणवाडी सुटली की दुपारी यांच्याबरोबर मेहकरला जायचं आणि साडेपाचला पुढच्या सीटवर यांच्या शेजारी बसून यायचं. दिवस बुडाला की मी हळू आवाजात सुरू व्हायची. "डावीकडं सायकल. पुढं म्हशी, तीन. खड्डा येतोय, तुमच्या चाकाखाली. समोरच्याला डिपर द्या." नुसती ओठांतल्या ओठांत, मागं ऐकू जाऊ नये म्हणून. हे त्याप्रमाणं स्टिअरिंग फिरवायचे. गाडी पंचविसाच्या पुढं जाऊ द्यायची नाही. लोणारचे दिवे दिसेपर्यंत मांडीवरचा पदर मुठीत धरून धरून ओला. घरी आल्यावर भाकरी थापताना बोटं वळायची नाहीत. रात्री डोळे मिटले की म्हशी दिसायच्या.

सवाऱ्यांना काय, गंमत! "काय वैनी, भाऊवर एवढा पहारा? मेहकरात कोनी ठेवली का काय?" सगळी गाडी हसायची. मीही हसायची. "हाव, तुमच्यावर भरवसा नाही म्हणून येते," असं उलट उत्तर द्यायची. आणि हसता हसता रस्त्यावरून नजर काढायची नाही. एकदा नर्सबाई म्हणाल्या, "गाडी फार सावकाश चालवतात हो आजकाल." तर मागची एक म्हातारी म्हणाली, "सावकाश हाये म्हून तं बसतो बाप्पा यायच्या गाडीत. जिवाले घोर नाही." ते ऐकून मला खिडकीतून बाहेर उडी टाकावीशी वाटली.

रोज ठरवायची, उद्या नाही. आणि रोज सकाळी वाटायचं, काल तर नीट आलो ना? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं किती दिवस मनाला समजावावं माणसानं? पंधरा दिवस मी समजावलं.

त्या दिवशी गाडीत अकरा सवाऱ्या होत्या. सुलतानपूर सोडलं तेव्हा आकाशात नुसती तांबूस रेघ उरलेली. मधल्या सीटवर एक बाई लेकराला घेऊन बसली होती, आमच्याच भागातली, नवी सून. तिनं मागून माझ्या खांद्याला हात लावला. "ताई, याचं नाव घालता का अंगणवाडीत? सहा महिन्याचा झाला." मी वळले. लेकरू झोपलेलं, तोंड उघडं, टोपी डोळ्यांवर आलेली. मी त्याची टोपी सारखी केली. एवढंच. टोपी सारखी करायला किती वेळ लागतो?

पुढं वळून पाहिलं तर रस्त्याच्या डाव्या अंगाला कापसाची ट्रॉली उभी. बिनदिव्याची. ती यांना दिसली होती, आमच्या दिव्यांत ती पांढरीधोप झाली होती, आणि हे तिला टाळून उजवीकडून काढत होते. पण ट्रॉलीच्या रस्त्याकडच्या चाकापाशी, दिव्यांच्या झोताबाहेर, काळपट लुगड्यातली एक बाई उकिडवी बसली होती. चाकाला दगड लावत होती. तिची पाठ आमच्याकडं.

"थांबाऽऽ!" मी किंचाळले. असा आवाज माझ्या गळ्यातून बाळंतपणातही निघाला नव्हता.

यांनी ब्रेक मारला. गाडी कचकन थांबली, मागचे सगळे पुढच्यांवर, कोणाची पिशवी फुटून वाटाणे गाडीभर. लेकरू जागं होऊन रडायला लागलं. ती बाई उठून उभी राहिली. तिच्यात आणि आमच्या बंपरच्या डाव्या टोकामध्ये वीतभरही अंतर नव्हतं. तिच्या हातात अजून तो दगड होता. मग तिला कंठ फुटला.

"डोये फुटले काय रे तुह्ये! मानूस दिसत नाही तुले?"

गाडीतले सगळे एकदम तिच्यावर तुटून पडले. "अवं रस्त्यात बसली तू! दिवा नाही, फांदी नाही लावली! भाऊची नजर हाये म्हून वाचली तू आज!" म्हातारी म्हणाली, "पाय धर बाई त्याचे." मागून कोणी टाळी वाजवली. "काय ब्रेक मारला भाऊ! दुसरा असता तं खलास होती." यांच्या पाठीवर थापा पडल्या. एक, दोन, तीन. हे समोर पाहत बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मग मान माझ्याकडं न वळवता, अगदी हळू, मला विचारलं:

"कोन होतं?"

बाई दाराच्या पलीकडं उभी राहून अजून शिव्या देत होती. आणि यांना ती कुठं आहे ते माहीत नव्हतं.

मी पंधरा दिवस यांचे डोळे झाले होते आणि एका टोपीपुरती वळले होते. मागं वळले. सगळे हसत, घाम पुसत, वाटाणे गोळा करत होते. ती नवी सून लेकराला थोपटत होती.

"यांनी पाहिलं नाही," मी म्हणाले. कोणी ऐकलं नाही. मी मोठ्यानं म्हणाले, "ओ, ऐका! यांना दिसलं नाही. मी ओरडले म्हणून ब्रेक मारला. अंधारात यांना दिसतच नाही. दिवाळीपासून नाही दिसत. मला माहीत होतं. मला माहीत असून मी तुम्हाला बसवत होते."

वाटाणे वेचणारे हात थांबले. लेकराचं रडणं तेवढं चालू. नर्सबाईंनी तोंडावर हात ठेवला. म्हातारी म्हणाली, "काहीतरीच बोलते. भेली हाये बिचारी." मागच्या सीटवर एक ट्रॅक्टर चालवणारा होता, तो म्हणाला, "भाऊ, वैनी काय म्हनून राह्यली?"

मला वाटलं हे आता चिडतील. चारचौघांत मी यांची अठरा वर्षं मातीत घातली होती. अजून वेळ होती. "बाईमानूस घाबरलं" म्हटलं असतं तर सगळ्यांनी यांचंच खरं मानलं असतं, मीसुद्धा गप बसले असते. यांनी इंजिन बंद केलं. किल्ली काढली आणि मान न वळवता हात मागं केला. त्या ट्रॅक्टरवाल्यानं ती घेतली. आणि तो पुढं यायला उतरला.

मी माझ्या बाजूनं उतरले, गाडीला वळसा घालून यांच्या दाराशी गेले. दार उघडं होतं. हे सीटच्या कडेला बसले होते, एक पाय बाहेर काढून, आणि तो पाय हवेत खालीवर करत होते. अकरा माणसं खिडक्यांतून पाहत होती. ती ट्रॉलीवालीही शिव्या थांबवून पाहत होती. यांनी हात पुढं केला, मी होते त्याच्या जरा डावीकडं, आणि गाडीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "धर वं मले. खाली काहीच दिसून नाही राह्यलं."